अर्धं पुसलेलं टेबल

आमच्या वाचनगटात गोष्ट वाचून संपली आणि नेहमीप्रमाणे आधी चहा आला. एक निवृत्त वकील, जे एरवी फारसं बोलत नाहीत, कप खाली ठेवत म्हणाले, "गोष्ट उत्तम आहे, पण त्या दोघींनी पुरावा लपवलाय. हा गुन्हा आहे." कुणी हसलं, कुणी "अहो, पण" म्हणून सुरुवात केली आणि मग बराच वेळ हेतू, पुरावा, संशयाचा फायदा असले शब्द खोलीभर फिरत राहिले. त्या गलबल्यात आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंनी शेजारणीला हळूच विचारलं, "ती चेरीच्या मुरांब्याची एक बरणी शाबूत राहिली होती ना? ती पोचली का गं तिच्यापर्यंत?" प्रश्न मला ऐकू आला, उत्तर आलं नाही. घरी येताना रिक्षात वकिलांचा मुद्दा केव्हाच मागे पडला होता. डोक्यात बरणीच होती.

गोष्ट सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची, १९१७ सालची. नाव 'अ ज्यूरी ऑफ हर पिअर्स', म्हणजे तिच्या बरोबरीच्या माणसांची ज्यूरी. कडाक्याच्या थंडीतली सकाळ. मार्था हेल पावासाठी पीठ चाळतेय. अर्धं चाळून झालंय, अर्धं राहिलंय आणि बाहेर गाडीत माणसं खोळंबली आहेत. शेजारच्या शेतावर जॉन राइट नावाचा शेतकरी बिछान्यातच गळ्याला दोर आवळून मारलेला सापडलाय. त्याची बायको मिनी कोठडीत आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि मार्थाचा नवरा तपासाला निघालेत, आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स मिनीसाठी चार कपडे आणायला. तिला बाईमाणसाची सोबत हवी म्हणून मार्थाला हातातलं काम टाकून निघावं लागतं. काम अर्धवट सोडणं तिला मुळीच खपत नाही, हे ग्लास्पेल पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते. तेव्हा आपण ते वाचतो आणि सोडून देतो.

पुढे त्या घरात पुरुष माडीवर जातात, गोठ्यात जातात, खुनामागचं कारण शोधत फिरतात. बायका स्वयंपाकघरात थांबतात, कारण तिथे काय सापडणार? आणि तिथेच सगळं पडलेलं असतं. साखरेच्या लाकडी डब्याचं झाकण उघडं, शेजारी अर्धी रिकामी कागदी पिशवी. टेबल अर्धं लख्ख, अर्धं तसंच राहिलेलं. चुलीचं आतलं अस्तर फुटलेलं. यात वर्षानुवर्षं पाव भाजायचे म्हणजे काय, ते मार्थाला न सांगता कळतं. रात्री शेगडी विझली, गारठ्याने बरण्या तडकल्या आणि चेरीचा पाक फडताळात सांडला. सरकारी वकिलाचा हात त्यात पडतो, चिकट होतो. पुसायला टॉवेल शोधतो तर तो मळका. लगेच शेरा मारतो, ही बाई काही फारशी टापटिपीची दिसत नाही. तिकडे कोठडीत मिनीला काळजी लागलेली असते की थंडीने आपल्या बरण्या फुटतील. पुरुष हसतात. खुनाचा आरोप डोक्यावर आणि हिला मुरांब्याची चिंता! मार्थाचा नवरा भाबडेपणाने म्हणून जातो, बायकांना असल्या क्षुल्लक गोष्टींची काळजी करायची सवयच असते.

मग शिवणाची टोपली निघते. मिनी तुकड्यांची रजई शिवत होती. बायका बोलत असतात, आता ही रजई ती टाके घालून पुरी करणार होती की नुसत्या गाठी मारून? म्हणजे थर एकत्र धरायला सगळीकडून बारीक टाके घालायचे की ठरावीक अंतरावर दोरा आरपार काढून गाठ मारत जायचं. नेमके तेव्हाच पुरुष जिन्यावरून उतरतात आणि पुन्हा हसतात. ते गेल्यावर बायकांना एक तुकडा दिसतो. बाकीची शिवण रेखीव आणि याच तुकड्यावर टाके वेडेवाकडे, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. मार्था काही बोलत नाही. ती दोरा ओढते, उसवते आणि नीट शिवायला घेते.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. माझ्या आजीकडे दुपारी चौघीजणी गोधडीला बसायच्या. जुन्या लुगड्यांचा वास, मध्ये सुपारीचा डबा, चार बाजूंनी चार हात मध्याकडे सरकत. दुसऱ्या दिवशी आजी एकटीच बसून एका कोपऱ्यातले टाके उसवायची. तो कोपरा कुणाचा, हे आम्हा पोरांनाही ठाऊक असायचं. विचारलं तर म्हणायची, "काल तिचं चित्त नव्हतं." एवढंच. त्या बाईच्या घरी काय चाललंय, हे आजीने तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि नंतरही नाही. दुपारी ती बाई पुन्हा यायची, त्याच कोपऱ्याला बसायची, आणि शिवण सुधारलेली आहे हे तिला दिसत असणारच. दोघीही त्याचा उच्चार करायच्या नाहीत. मला लहानपणी हा आजीचा काटेकोरपणा वाटायचा.

मार्थाचं ते उसवणं म्हणजे पुराव्यात केलेला पहिला फेरफार. वकिलांच्या हिशेबात गुन्हा तिथे सुरू होतो.

त्या काळच्या अमेरिकन कथेबद्दल आपल्याकडे बोललं जातं तेव्हा गाडी ओ. हेन्रीवर येऊन थांबते. त्यात गैर काही नाही. आठवड्याला एक गोष्ट रविवारच्या वर्तमानपत्राला द्यायची आणि प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीत फासा उलटा पाडायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. दुसऱ्या टोकाला शेरवुड अँडरसन. त्याला हे असलं कथानक म्हणजे विष वाटायचं, आणि १९१९ च्या 'वाइन्सबर्ग, ओहायो'मध्ये त्याने जवळपास काहीच घडत नाही अशा गोष्टी लिहून दाखवल्या. ग्लास्पेल वयाने अँडरसनच्या बरोबरीची, दोघांचाही जन्म १८७६ चा. पण तिची ही गोष्ट दोघांच्याही कप्प्यात बसत नाही. शेवटच्या वाक्याला धार आहे, अगदी ओ. हेन्रीला आवडावी अशी. फरक एवढाच की तिथवर येईतो वाचकाला सगळं कळून चुकलेलं असतं. बातमी फक्त त्या तीन पुरुषांपर्यंत पोचलेली नसते, आणि पोचणारही नसते. फसवायचं कुणाला, वाचकाला की पात्राला, हा निर्णय तिने उलटा घेतला. मला ही युक्ती ओ. हेन्रीपेक्षा वरची वाटते, कारण ती दुसऱ्या वाचनातही झिजत नाही.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. १९०० च्या डिसेंबरात आयोवातल्या इंडियनोलाजवळ जॉन हॉसॅक नावाचा सधन शेतकरी रात्री झोपेत कुऱ्हाडीच्या घावांनी मारला गेला. बायको मार्गारेट त्याच अंथरुणात होती. आपण आवाजाने जागे झालो, मारेकरी पाहिला नाही, एवढंच तिचं म्हणणं. नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी तिला अटक झाली. ग्लास्पेल तेव्हा चोविशीत, डे मॉइन शहरातल्या 'डेली न्यूज'ची बातमीदार. या एका खटल्यावर तिने २६ बातम्या पाठवल्या. एप्रिल १९०१ मध्ये बारा पुरुषांच्या ज्यूरीने मार्गारेटला दोषी ठरवलं, जन्मठेप झाली. (त्याच महिन्यात ओ. हेन्री ओहायोच्या तुरुंगात बँकेच्या अफरातफरीबद्दल शिक्षा भोगत, तुरुंगाच्या दवाखान्यात औषधं देत बसलेला होता. अमेरिकन कथेची शाळा त्या वर्षी बरीचशी कोर्टकचेरीतच भरली होती म्हणायची.) निकाल लागल्यावर ग्लास्पेलने वर्तमानपत्र सोडलं, डॅव्हनपोर्टला आपल्या घरी गेली आणि कथा लिहू लागली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी तो निकाल फिरवला, १९०३ मध्ये दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि मार्गारेट हॉसॅक सुटली. खून कुणी केला याचा कायद्याने उलगडा झाला नाही तो नाहीच.

बातम्यांमधली ग्लास्पेल मात्र या कथेतल्या बाईसारखी नाही. सुरुवातीला तिने मार्गारेटचं वर्णन केलंय ते असं की पन्नाशी उलटलेली उंच, धिप्पाड बाई, चिडली तर भीती वाटावी अशी. गावात काय कुजबुज आहे, शेजारी काय म्हणतात, सगळं चविष्टपणे. वाचकाला उद्याचा अंक घ्यायला लावणारं. मग ती त्या शेतावरच्या घरी जाऊन आली, स्वयंपाकघर पाहिलं आणि बातम्यांचा सूर हळूहळू बदलत गेला. कोर्टातल्या बातम्यांत मार्गारेट थकलेली, खंगलेली दिसायला लागते, आणि तिच्याशेजारी बसून डोळे पुसणारी शेरीफची बायको दिसते. नजर तीच होती, तपशील टिपायची हातोटी तीच. त्याच हातोटीने आधी त्या बाईला गावासमोर उभं केलं होतं. बारीकसारीक गोष्टी दिसणं हा काही आपोआप सद्गुण नसतो. चाळीतल्या, वाड्यातल्या ज्या नजरांना शेजारणीच्या ओल्या उशीचा पत्ता लागायचा, त्याच नजरा तिच्या नव्या साडीचा हिशेबही ठेवायच्या.

मध्ये पंधरा वर्षं गेली. ग्लास्पेल लग्न करून पूर्व किनाऱ्यावर आली. १९१६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या प्रॉव्हिन्सटाउनला तिची नाटकवाली मित्रमंडळी धक्क्यावरच्या एका मासळीच्या जुन्या शेडमध्ये नाटकं करत होती. पुढे गाजलेल्या यूजीन ओनीलच्या नाटकाचा पहिला प्रयोग तिथेच झाला. नव्या प्रयोगासाठी संहिता हवी होती. नवऱ्याने, जॉर्ज क्रॅम कुकने, तिला नाटक लिहायला सांगितलं, ती म्हणाली मला येत नाही, आणि तो हटला नाही. मग ती रिकाम्या रंगमंचासमोर जाऊन बसली. बसून राहिली. काही वेळाने तिला तिथे एक स्वयंपाकघर दिसायला लागलं. पुढे एक दार उघडलं आणि थंडीने कुडकुडत माणसं आत आली. तिने स्वतःच हे लिहून ठेवलंय. बातमीदार असताना आत शिरलेलं ते स्वयंपाकघर इतकी वर्षं तिच्यात मुक्कामाला होतं. त्यातून 'ट्रायफल्स', म्हणजे क्षुल्लक गोष्टी, ही एकांकिका झाली, पहिल्या प्रयोगात मिसेस हेलचं काम तिने स्वतः केलं, आणि पुढच्या वर्षी त्याचीच कथा केली. मिसेस हेल म्हणजे जी शेजारी असूनही वर्षानुवर्षं त्या घरी फिरकली नाही, ती. लेखिकेने स्वतःसाठी नेमकी हीच भूमिका निवडावी, यावर मी उगाच फार विचार करत बसते.

इथवर सगळं जमून येतं, आणि इथेच मला गोष्ट थोडी खुपतेही.

खरी मार्गारेट सत्तावन्नच्या आसपासची, धडधाकट, भरपूर मुलंबाळं असलेली. कुऱ्हाड, रक्त, झोपेतला माणूस. कथेतली मिनी निपुत्रिक, लग्नाआधी चर्चमध्ये गाणारी, पांढऱ्या पोशाखाला निळ्या फिती लावणारी. तिच्या घरात एक पिंजरा सापडतो, त्याचं दार मोडलेलं. मग एका सुबक डबीत, रेशमाच्या तुकड्यात गुंडाळलेला मान मुरगळलेला कॅनरी पक्षी. तिचं एकुलतं एक गाणारं काहीतरी नवऱ्याने मारलं आणि तिने त्याला त्याच तऱ्हेने मारलं. रक्ताचा थेंब नाही. किती नीटस! ग्लास्पेलने आरोपीला क्षमा करण्याजोगं करून ठेवलंय. आणि पुन्हा तिला एकदाही समोर येऊ दिलेलं नाही. मिनी आपल्याला दिसतच नाही, इतरांच्या बोलण्यातच भेटते. धिप्पाड, चिडकी, मुलांवर ओरडणारी, बरणी-बिरणी काही न ठेवणारी बाई असती तर मार्था आणि मिसेस पीटर्सनी डबी खिशात घातली असती का? आम्ही वाचनगटात तिच्या बाजूने एवढे तावातावाने बोललो असतो का? गरीब बिचारी असणं ही दयेची अट असू नये असं मला वाटतं, आणि तरीही पक्ष्याची डबी उघडते तिथे दर वेळी मी पूर्णपणे मिनीची होते. लेखिकेने मला पटवलंय आणि तिने कसं पटवलं ते मला दिसतंय, दोन्ही एकाच वेळी.

पण एका बाबतीत ती अजिबात सोपी वाट धरत नाही. जॉन राइट दारुड्या नाही, मारझोड करणारा नाही. दिलेला शब्द पाळणारा, कर्ज फेडणारा, गावात चांगला म्हणवला जाणारा माणूस. मार्था म्हणते, त्याच्याजवळ दोन घटका बसणं म्हणजे हाडांत शिरणारा वारा अंगावर घेणं. बस, एवढाच त्याचा दोष. घरात फोन घेऊ या म्हटलं तर त्याला नको, कारण लोक तसेच फार बोलतात. ज्याच्याविरुद्ध कुठेही तक्रार करता येत नाही असा नवरा. आणि मिसेस पीटर्स, जी आतापर्यंत कायदा तो कायदा म्हणत असते, ती या शांततेपाशी येऊन मोडते. तिचं पहिलं मूल डकोटाच्या उजाड माळावर दोन वर्षांचं होऊन गेलं होतं, घरात ती आणि ती शांतता. तिला कुणी भाषण देऊन बदलत नाही. तिला ते ठाऊक असतं. लहानपणी एका मुलाने तिच्या डोळ्यांदेखत तिचं मांजराचं पिल्लू कुऱ्हाडीने मारलं होतं, आणि त्या क्षणी कुणी तिला धरलं नसतं तर काय झालं असतं, हे वाक्य ती मध्येच अडखळून कसंबसं पुरं करते. खऱ्या खटल्यातली कुऱ्हाड ग्लास्पेलने पूर्ण टाकून दिली असं मी समजत होते, तर ती इथे, एका मुलाच्या हातात, येऊन बसलेली.

वकिलांचा मुद्दा तसा चुकीचा नव्हता. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की माझ्या आईच्या पिढीला मुंबईचा १९५९ चा नानावटी खटला आठवतो, नऊपैकी आठांनी निर्दोष म्हटलेला, आणि मग उच्च न्यायालयाने फिरवलेला. भावना वाहवत नेतात म्हणून तर ज्यूरी नको झाली. पण ग्लास्पेलच्या गोष्टीतल्या बायकांना वाहवत जायला ज्यूरीची खुर्चीसुद्धा मिळणार नव्हती. आयोवात तेव्हा बाईला ज्यूरीवर बसायचा हक्कच नव्हता. आपल्या बरोबरीच्या माणसांकडून न्याय, हे वचन मिनीच्या बाबतीत पाळलं गेलं ते फक्त त्या गारठलेल्या स्वयंपाकघरात, तासा-दीड तासात, कुणाच्याही नकळत. तो न्याय होता की नाही, यावर मी वकिलांशी भांडू शकते. त्याखेरीज दुसरा कुठला मिळणार होता, यावर त्यांनाही उत्तर नव्हतं. एवढं असून ही कथा दीर्घकाळ जवळपास विस्मृतीत गेली होती. १९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी ती पुन्हा वर काढली आणि आता ती अमेरिकेत कायद्याच्या वर्गातसुद्धा शिकवतात. मधल्या काळात ती कुणाला क्षुल्लक वाटली असेल, सांगायला नको.

बरणीचं उत्तर मी पुन्हा शोधून वाचलं. मार्था सांगते, तिला म्हणावं तुझे मुरांबे ठीक आहेत, सगळे ठीक आहेत, काही फुटलं नाही. ही एक शाबूत बरणी दाखवायला घेऊन जा. मिसेस पीटर्स हात पुढे करून ती घेते. पोचली असणार. पण मिनीला कळलं नाही असं मी मानत नाही. थंडीची रात्र, विझलेली शेगडी आणि एकच बरणी घेऊन आलेली बाई. हिशेब तिला येत होता.

आता मला पुढचं कोडं पडलंय, आणि ते बरणीपेक्षा अवघड आहे. डबी मिसेस पीटर्सच्या पर्समध्ये मावत नाही, ती मार्थाच्या मोठ्या कोटाच्या खिशात जाते. ती माणसं परत गाडीत बसणार. मार्थाचा नवरा हा सरकारी पक्षाचा पहिला साक्षीदार, त्यानेच आदल्या सकाळी मिनीला खुर्चीत झोके घेत, ॲप्रनच्या चुण्या करत बसलेलं पाहिलं. शिवाय तो बोलघेवडा. बोलता बोलता मिनीला जड जाईल असं काही बोलून बसेल म्हणून मार्था आधीच त्याच्यावर डोळे वटारून बसलेली. त्याच्याशेजारी, खिशात मेलेला पक्षी घेऊन, ती घरी जाणार. ती त्याला सांगणार नाही, याबद्दल मला शंका नाही. मिसेस पीटर्सचं काय? सरकारी वकील चेष्टेने म्हणतो, शेरीफची बायको म्हणजे कायद्याशीच लग्न लागलेली. ती म्हणते, तसं काही नाही. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, खटला उभा राहिल्यावर, रोज जेवणाच्या टेबलावर समोर शेरीफ बसलेला असताना, ती गप्प राहते का? वाचनगटात हा प्रश्न मी टाकला तर अर्ध्याजणी हो म्हणतील. काकूंना विचारायला हवं.